ऑनलाइन वंशावळ थांबते तिथून पुढे: पूर्वजांच्या नोंदी कागदपत्रांत कशा शोधाव्यात

वेबसाइटवर आजोबांचं नाव टाकलं, दोन-तीन पिढ्या झरझर सापडल्या, कुणा अनोळखी नातेवाइकाने आधीच तयार केलेली वंशावळही हाती लागली, आणि मग शोध एकदम थांबला. घराण्याचा इतिहास शोधायला बसलेले बहुतेक जण याच टप्प्यावर हात टेकतात. पुढचं काही उरलेलंच नसेल, अशी मनाची समजूत घालून फाइल बंद करतात.

ती समजूत खरी नाही. सर्चमध्ये फक्त सूची झालेली नावं सापडतात. जुन्या नोंदवहीच्या पानाचा फोटो काढणं हे एक काम, आणि त्या पानावरचं प्रत्येक नाव वाचून सूचीत भरणं हे दुसरं, कितीतरी जास्त वेळखाऊ काम. आज फॅमिलीसर्च या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या आणि सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पुरं केलं. तरी त्यातल्या पुष्कळ पानांवरची नावं अजून सूचीत आलेली नाहीत. ती पाहायची तर नाव टाकून उपयोग नाही. संस्थेच्या कॅटलॉगमध्ये गावाचं नाव टाकून, तिथली नोंदवही उघडून, एकेक पान चाळावं लागतं. ज्यांचा कधी फोटोच निघाला नाही, असे दफ्तरखान्यांतले गठ्ठे याहूनही कितीतरी जास्त आहेत.

त्या कागदांपर्यंत पोचायचं असेल तर एक प्रश्न सतत डोक्यात ठेवावा लागतो: माझ्या पूर्वजाला कुणी, कशासाठी लिहून ठेवलं असेल? आपल्या सोयीसाठी कुणीच काही लिहिलेलं नाही. कर वसूल करायचा होता, शिपाई भरती करायचे होते, जमिनीचा तंटा मिटवायचा होता, जहाजात किती माणसं चढली ते दाखवायचं होतं, म्हणून नावं लिहिली गेली. तो हेतू कळला की कागदात काय असेल, तो कुणाकडे असेल आणि त्यातल्या कुठल्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हे सगळं उलगडायला लागतं.

पायरी १: आधी घरातली माणसं

दफ्तरखाना पुढच्या वर्षीही तिथेच असेल, पण नव्वदीतल्या आजी तेव्हा असतीलच असं नाही. म्हणून सुरुवात इथून करा आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीकडे सर्वांत आधी जा.

तारखा विचारू नका. लोकांना तारखा आठवत नाहीत, आणि आठवत नाही म्हणून ते ओशाळतात, मग गप्प होतात. त्याऐवजी विचारा: तुमच्या लहानपणी घरी कोण कोण यायचं? शेजारी कोण राहायचं? आईचं माहेर कुठलं? ते गाव का सोडलं, आणि आधी कोण निघालं? शेजाऱ्यांची आणि आईच्या माहेरची नावं पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडतात, कारण माणसं सहसा एकेकटी स्थलांतर करत नाहीत. ओळखीच्यांच्या मागोमाग जातात. तुमच्या पणजोबांचा माग लागत नसेल, तर त्यांच्या सोबत निघालेल्या शेजाऱ्याचा लागेल आणि गाव तेच निघेल.

जुना ग्रुप फोटो समोर ठेवला की बोलणं आपोआप सुरू होतं. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा आणि फोटोच्या प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक टाका. मूळ फोटोवर काही लिहू नका. फोटो उलटा करून बघायला विसरू नका. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, त्यात शहराचं नाव असतं, आणि कधीकधी तेवढ्यानेच शोधाची दिशा बदलते. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. दोन भावंडं असतील तर शक्यतो दोघांशी वेगवेगळं बोला. एकत्र बसवलं की एक सांगतो आणि दुसरा मान डोलावतो.

घरात सांगितल्या जाणाऱ्या कहाण्या (‘आपले पूर्वज राजाच्या पदरी होते’ वगैरे) जशा ऐकल्या तशाच, कुणी सांगितल्या त्यांच्या नावासह लिहून ठेवा. त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण टाकूनही देऊ नका. अशा कहाणीतलं पद खोटं निघतं आणि गाव खरं निघतं, असं पुष्कळदा होतं.

पायरी २: एक माणूस, एक प्रश्न, एक जागा

‘आमचं घराणं कुठून आलं?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कागदात नसतं. ‘पणजीच्या आईचं नाव काय?’ याचं असू शकतं. एका वेळी एकाच माणसाबद्दल एकच प्रश्न घ्या. त्या माणसाबद्दल जे जे माहीत आहे ते वर्षवार एका कागदावर मांडा, आणि प्रत्येक वर्षासमोर तेव्हा तो कुठे होता हे लिहा. मधल्या रिकाम्या जागा लगेच नजरेत भरतात.

मग त्या जागेवर त्या वर्षी कुणाचं राज्य होतं ते शोधा. नवखे लोक हे टाळतात आणि चुकीच्या देशाच्या दफ्तरखान्याला पत्रं लिहीत बसतात. आज युक्रेनमध्ये असलेलं ल्विव्ह शहर घ्या. १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं आणि लेम्बर्ग म्हणून ओळखलं जायचं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते पोलंडचं ल्वूफ होतं, नंतर सोव्हिएत संघात गेलं, आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. घर न बदलता एकाच कुटुंबाच्या नोंदी लॅटिन, जर्मन, पोलिश, रशियन आणि युक्रेनियन अशा भाषांत असू शकतात, आणि वह्याही एकाच देशात राहिलेल्या नसतात. जुने नकाशे आणि गॅझेटियर (गावांची-जिल्ह्यांची माहिती देणारे ग्रंथ) यासाठी हाताशी हवेत.

पायरी ३: नोंद करणारा कोण होता?

युरोपात मोठा काळ हे काम चर्चने केलं. इंग्लंडमध्ये १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला) बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा आदेश निघाला, आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक चर्चलाही विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी बंधनकारक केल्या. पुढे हे काम सरकारांनी आपल्याकडे घेतलं: फ्रान्समध्ये १७९२ मध्ये, इंग्लंड-वेल्समध्ये जुलै १८३७ मध्ये, स्कॉटलंडमध्ये १८५५ मध्ये. स्कॉटलंडचं पहिलं वर्ष संशोधकांच्या खास आवडीचं आहे. १८५५ च्या नोंदींत इतके तपशील मागवले होते, की नोंदणी करणाऱ्यांना ते झेपेना आणि पुढच्याच वर्षी रकाने कमी करावे लागले. पूर्वजांपैकी कुणाचीही, अगदी चुलत-मावस भावंडाचीही, त्या एका वर्षातली नोंद मिळत असेल तर ती आवर्जून मागवा.

जपानमध्ये १८७२ पासून कोसेकी नावाची कुटुंबवार नोंदवही सरकार ठेवतं. ती थेट वंशजांनाच मिळते, आणि १८७२ ची मूळ वही तर सामाजिक भेदभावासाठी वापरली जाते म्हणून १९६८ पासून कुणालाच दाखवत नाहीत. चीनमध्ये आणि कोरियात घराण्यांनी स्वतःच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवल्या. भारतात हरिद्वारसारख्या तीर्थस्थानी पंड्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कुटुंबांची नावं आहेत. प्रत्येक ठिकाणी नोंद ठेवणाऱ्याचा स्वार्थ किंवा कर्तव्य वेगळं होतं, म्हणून रकानेही वेगळे.

एखादा कागद हाती आला की त्यातलं हवं ते नाव उचलून पुढे जाऊ नका. इंग्लंडमधला एकोणिसाव्या शतकातला विवाहाचा दाखला कसा वाचायचा ते पाहू. वयाच्या रकान्यात पुष्कळदा आकडा नसून ‘पूर्ण वयाचा’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ २१ पुरी इतकाच. माणूस २२ चा असेल किंवा ५० चा. पुढच्या रकान्यात अविवाहित की विधुर ते असतं. ‘विधुर’ असेल तर आधीचा एक विवाह आणि एक मृत्यू शोधायचा राहिला आहे. वधू-वरांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय असतात, पण ती माहिती वधू-वरांनीच सांगितलेली, त्यामुळे वडिलांचा हुद्दा थोडा फुगवलेला असू शकतो. सहीच्या जागी फुली आहे का पाहा. आणि सर्वांत खाली साक्षीदार. ही दोन नावं बहुतेक लोक वाचतही नाहीत. मला विचाराल तर दाखल्यातली सर्वांत मोलाची नावं तीच. साक्षीदार पुष्कळदा भाऊ, बहीण, मेहुणा निघतो, आणि एकाच आडनावाच्या चार कुटुंबांतलं आपलं कुठलं हे त्याच्यावरून ठरतं.

परक्या माणसाच्या कागदात आपलं माणूस

गरीब, गुलाम, भूमिहीन, आणि जवळपास सगळीकडच्या स्त्रिया यांची स्वतःच्या नावाने नोंद क्वचित मिळते. त्यांना शोधायचं तर ज्याच्याकडे सत्ता होती त्याचे कागद पाहावे लागतात. अमेरिकेत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. त्याआधी १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, आणि त्याखाली केवळ वय, लिंग, वर्ण. नाव नाही. त्यापलीकडे जायचं तर मालकाचं मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची मोजदाद, त्याची खरेदीखतं आणि हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात, कारण तिथे माणसांची नावं मालमत्तेच्या यादीत लिहिलेली सापडतात. वाचताना जीव कासावीस होतो. तरी एखाद्या खापरपणजीचं नाव आज उरलं असेल तर ते तिथेच उरलं आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं असताना, मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या फ्रीडमन्स ब्यूरो या सरकारी कार्यालयाच्या १८६५ ते १८७२ च्या कागदांत मजुरीचे करार आणि विवाहनोंदी आहेत, आणि फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या खात्यांत तर खातेदाराची भावंडं आणि आई-वडील यांचीही नावं विचारून लिहिलेली आढळतात. हरवलेली माणसं पुन्हा जोडता येतात ती अशा नोंदींतून.

भारतातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम, नाताळ (आजच्या दक्षिण आफ्रिकेतला प्रदेश), फिजी इथे गेलेल्यांचंही असंच. १८३४ पासून एकट्या मॉरिशसमध्ये जवळजवळ पाच लाख माणसं उतरली. त्यांच्या नोंदी आज तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. कलकत्त्याहून निघणाऱ्या मजुराचा परवाना नीट पाहा: जहाजाचं नाव, नोंदणी क्रमांक, मजुराचं नाव, वडिलांचं नाव, वय, जात, जवळचा नातेवाईक, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. माणूस पळाला तर ओळखता यावा म्हणून खुणा लिहिल्या गेल्या, आणि आज वंशजाच्या हाती आहे ती ‘उजव्या कपाळावर व्रण’ अशी एक ओळ. गावाचं नाव कारकुनाने कानाला जसं लागलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्यामुळे ते थेट नकाशावर शोधू नका. आधी जिल्हा, मग ठाणं, मग त्या ठाण्याच्या हद्दीतली सगळी गावं मोठ्याने उच्चारून पाहा. कागदावरचं नाव जिथे कानाला जुळेल तिथे थांबा.

जहाजांच्या याद्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेतल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर अधिकाऱ्यांनी लोकांची आडनावं बदलली, असं पुष्कळ घरांत सांगतात. तिथले अधिकारी जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरातच केलेली यादी समोर ठेवून तपासणी करत. नाव बदललं असेल तर बहुधा त्या माणसाने नंतर स्वतःच बदललं, म्हणून नागरिकत्वाचे कागद पाहा. आणि १९०७ नंतरच्या याद्यांत मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो. तो रकाना सोडू नका.

पायरी ४: दफ्तरखान्याशी बोलणं

दफ्तरखान्यात कागद नावाप्रमाणे लावलेले नसतात. ज्या कार्यालयाने ते निर्माण केले त्याच्याप्रमाणे लावलेले असतात. म्हणूनच ‘कुणी लिहिलं?’ हा प्रश्न आधी सोडवायचा. तो सुटला की त्या कार्यालयाच्या कागदांची वर्णनसूची मागा आणि ती पूर्ण वाचा. तुम्हाला माहीतच नव्हता असा एखादा गठ्ठा तिथे दिसतो.

जाण्यापूर्वी पत्र किंवा ईमेल पाठवा. ‘माझ्या घराण्याची माहिती द्या’ असं लिहिलं तर उत्तर येणार नाही, आणि आलं तरी उपयोगाचं नसेल. असं लिहा: ‘अमुक गावातल्या १८९० ते १९०५ या काळातल्या विवाहाच्या नोंदवह्या आपल्याकडे आहेत का? नसल्यास त्या कुठल्या कार्यालयाकडे असण्याची शक्यता आहे? पाहण्यासाठी पूर्वपरवानगी, ओळखपत्र काय लागेल? छायाचित्र काढता येईल का?’ एवढं नेमकं विचारलं की अभिलेखपाल मनापासून मदत करतात. त्यांना त्या कागदांची जितकी माहिती असते तितकी कुठल्याही सूचीत नसते.

वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्या. कोरडे स्वच्छ हात, कागदाच्या कडेवर बोट, गठ्ठ्यातल्या पानांचा क्रम जसाच्या तसा. फोटो काढताना पहिला फोटो गठ्ठ्याच्या क्रमांकाचा घ्या, मग पानांचे. नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या वहीतलं हे कुणीच सांगू शकणार नाही.

जन्म-मृत्यूच्या पलीकडे पहिली मागणी जमिनीच्या कागदांची करा. जमीन वारसाहक्काने गेली असेल तर वारसांची नावं नात्यासह येतात, आणि भाऊबंदांत भांडण झालं असेल तर फारच उत्तम: कोर्टात दोन्ही पक्ष आपापली वंशावळ शपथेवर मांडतात. त्यानंतर मृत्युपत्रं, दत्तकपत्रं, सैन्याची भरतीपत्रकं, शाळांचे प्रवेश रजिस्टर, स्मशानभूमीच्या वह्या, स्थानिक वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता. मृत्युपत्रात ज्याला काहीच दिलेलं नाही त्या मुलाची नोंद घ्या. त्याला आधीच वाटा मिळाला होता की तो आधीच वारला, हा पुढचा प्रश्न.

पायरी ५: जुनं अक्षर आणि जुनी तारीख

कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी असो की मोडी, सुरुवातीला काहीच लागत नाही. त्याच कारकुनाच्या हातची, तुम्हाला माहीत असलेली नावं आधी शोधा: महिन्यांची, गावांची, ठरावीक मजकुराची. त्यांतली अक्षरं एकेक करून वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्या कारकुनाची स्वतंत्र बाराखडी तयार करा. मग अडलेलं नाव तिच्याशी ताडून पाहा. अंदाजाने वाचलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह लावायचं, ते पुसायचं नाही.

तारखांतही खाचाखोचा आहेत. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून फेब्रुवारी १७२० असं लिहिलेला दिवस आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१ असतो. फ्रान्समध्ये १७९३ ते १८०५ या काळात क्रांतीनंतरचं वेगळंच कॅलेंडर चालू होतं. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. ३० लिहिलेला माणूस ३४ चा असू शकतो. नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून नोंद फेटाळू नका. आपलं नाव कसं लिहितात हे त्या माणसालाच माहीत नसायचं.

नोंदी जळाल्या असतील तर

अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेतला बहुतेक भाग १९२१ च्या आगीमुळे गेला. आयर्लंडमधल्या डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जून १९२२ मध्ये यादवी युद्धात उद्ध्वस्त झाला. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये जळाली. सेंट लुइसमध्ये जुलै १९७३ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या.

इथेही तोच प्रश्न पुन्हा विचारायचा: याच माणसाला आणखी कुणी लिहून ठेवलं असेल? आयर्लंडच्या जुन्या जनगणना नाहीत, पण करआकारणीसाठी १८४७ ते १८६४ मध्ये झालेलं ग्रिफिथचं मूल्यांकन आहे, त्यात घर-जमीन कसणाऱ्याचं नाव आहे. डब्लिनच्या कागदांच्या इतरत्र असलेल्या नकला गोळा करून २०२२ मध्ये एक आभासी दफ्तरखानाही खुला झाला. जनगणना गेली तर शहरांच्या डिरेक्टऱ्या आणि करदात्यांच्या याद्या, सैनिकी फाइल गेली तर निवृत्तिवेतनाचे कागद. सरकार एकच नोंद क्वचितच करतं. एक प्रत वरच्या कार्यालयाकडे गेलेली असते.

पायरी ६: हा माणूस आपलाच का?

सूची सोडून मूळ कागदाकडे आल्यावर सर्वांत मोठा मोह होतो तो एकाच नावाचा माणूस सापडला की त्याला आपलं म्हणण्याचा. एका गावात एकाच नावाचे तीन चुलतभाऊ असणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे, कारण तिघांनाही आजोबांचं नाव दिलेलं असतं. तिघांचेही कागद गोळा करा आणि दोघांना पुराव्यानिशी वगळा. लहानपणी वारलेल्या मुलाला लोक पूर्वज करून ठेवतात, म्हणून जन्माची नोंद मिळाली की त्याच गावची दफनाची किंवा मृत्यूची वही पुढची पाच वर्षं तपासा.

दोन कागदांत विसंगती आली तर माहिती कुणी दिली ते बघा. मृत्यूच्या दाखल्यात मृत्यूची तारीख सहसा बरोबर असते. पण मृताच्या आईचं नाव सुनेने किंवा जावयाने सांगितलेलं असतं, आणि त्यांनी तिला कधी पाहिलेलंही नसतं. त्याच माणसाच्या स्वतःच्या विवाहनोंदीला तिथे जास्त वजन द्या.

या वाटेवर औरस नसलेली मुलं, लपवलेले विवाह, तुरुंगवास, वेड्यांच्या इस्पितळातले कागद हाती लागतात. जिवंत माणसांना त्याचा त्रास होणार असेल तर माहिती नोंदवा, पण जगजाहीर करण्याआधी त्यांच्याशी बोला. आणि हयात व्यक्तींच्या जन्मतारखा ऑनलाइन वंशावळीत टाकू नका.

प्रत्येक नोंदीसोबत दफ्तरखाना, गठ्ठा, वही, पान आणि पाहिल्याची तारीख लिहा. काही सापडलं नाही तेही लिहा: अमुक वही, अमुक ते अमुक वर्षं, या नावाची नोंद नाही. वर्षभराने तीच वही पुन्हा चाळण्याचे श्रम वाचतात. पुरेसं जमलं की एक टाइप केलेली प्रत कुटुंबातल्या धाकट्या पिढीतल्या कुणाकडे द्या, आणि दुसरी ज्या गावाच्या नोंदी वापरल्या तिथल्या ग्रंथालयाकडे किंवा दफ्तरखान्याकडे. द्यायच्या आधी वाचता न आलेल्या शब्दांची आणि न सुटलेल्या प्रश्नांची यादी शेवटच्या पानावर जोडा, म्हणजे पुढच्याला तिथूनच सुरुवात करता येईल.